घाटाच्या पायऱ्या आणि माणसांची मोजणी

काशीस गेलेला यात्रेकरू दशाश्वमेधावर स्नान करून दक्षिणेकडे वळला, की शीतला घाटाला लागूनच त्याला अहिल्याबाई घाट लागतो. पूर्वी याला केवलगिरी घाट म्हणत. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात अहिल्याबाई होळकरांनी तो दगडी बांधविला, आणि तेव्हापासून हे नाव रूढ झाले. १७८० च्या सुमारास विश्वनाथाचे देऊळ नव्याने उभारले गेले तेही त्यांच्याच द्रव्याने. गंगेच्या या काठावर पुढे भोसल्यांनी घाट बांधले, शिंद्यांनी बांधले. मराठी माणसाला येथे परके वाटत नाही ते उगीच नव्हे.

परंतु पर्वणीच्या दिवशी याच पायऱ्यांवर उभे राहिले, की मनात पहिला विचार येतो तो इतिहासाचा नव्हे, तर गर्दीचा. एवढी माणसे आली कोठून? राहतात कोठे? आणि ही संख्या अशीच वाढत राहिली तर पुढे काय होणार? मोठ्या शहरात राहणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न कधी ना कधी पडतोच. त्याचे उत्तर मात्र नुसत्या डोळ्यांनी गर्दी पाहून मिळत नाही. त्यासाठी मोजावे लागते.

नाण्यांच्या पारख्याने केलेली शिरगणती

काशीची अशी मोजणी दोनशे वर्षांपूर्वी झाली आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी या नगरीची वस्ती जवळजवळ सहा लाख असावी, असा सरकारी अंदाज होता. घाटांवरची दाटी पाहून तो कोणालाही खराच वाटला असता. पुढे १८२० मध्ये जेम्स प्रिन्सेप नावाचा एकवीस वर्षांचा इंग्रज तरुण येथील टांकसाळीत दाखल झाला. नाण्यांतील धातूचा कस पाहणे हे त्याचे काम. ब्राह्मी लिपीचा उलगडा करणारा म्हणून पुढे १८३७ मध्ये जो प्रसिद्धीस आला, तोच हा प्रिन्सेप.

त्याने १८२८-२९ मध्ये शहराची शिरगणती केली. हे काम सोपे नव्हते. १८१० च्या अखेरीस घरपट्टीविरुद्ध काशीच्या लोकांनी दुकाने बंद करून, घरे सोडून मोठा हरताळ केला होता. घरांची नोंद झाली की पाठोपाठ कर येतो, ही धास्ती अशा शहरात असणे स्वाभाविक होते. तरीही गणना पार पडली आणि आकडा निघाला सुमारे १ लाख ८० हजार. म्हणजे अंदाजाच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी!

प्रिन्सेप केवळ मोजून थांबला नाही. दाट वस्तीत साचणारे तळ्यांचे पाणी गंगेपर्यंत वाहून नेण्यासाठी त्याने जमिनीखालून कमानदार बोगदा बांधला. माणसे किती हे समजले, म्हणजे त्यांच्यासाठी काय करावयास हवे हे ठरविता येते. गणनेचा खरा उपयोग हाच होय.

न वाढलेली शंभर वर्षे

यापुढची हकिकत अधिक विचार करावयास लावणारी आहे. १९०१ च्या जनगणनेत काशीची लोकसंख्या होती सुमारे २ लाख ९ हजार. १९२१ मध्ये ती दोन लाखांच्याही किंचित खाली गेली. प्रिन्सेपच्या मोजणीपासून नव्वद वर्षांवर काळ लोटला होता, आणि शहर जवळजवळ होते तेथेच होते. त्या काळी लोकांना मुले होत नव्हती काय? होत होती, आणि पुष्कळ होत होती. पण ती जगत नव्हती.

१९११ ते १९२१ या दशकात हिंदुस्थानात दर हजारी सुमारे ४८ जन्म होत आणि जवळजवळ तितकेच मृत्यू. दुष्काळ, प्लेग, पटकी आणि १९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ यांनी देशाची लोकसंख्या २५ कोटी २० लाखांवरून किंचित घटविली. जन्मलेल्या दर हजार बालकांपैकी दोनशेहून अधिक बालके पहिला वाढदिवसही पाहत नसत.

हे दुःख गरिबाच्याच झोपडीत होते असे नाही. ज्यांच्या नावाचा हा घाट, त्या अहिल्याबाईंचेच पाहा. पती खंडेराव १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात पडले. एकुलता मुलगा मालेराव १७६७ मध्ये ऐन तारुण्यात गेला. मुलगी मुक्ताबाई हिचा मुलगा नथ्याबा हा तरुण नातूही त्यांच्या डोळ्यांदेखत गेला. राज्य, द्रव्य, वैद्य, हकीम सारे दाराशी असून ही गत, तर सामान्य घरात पाळणा हलता राहावा म्हणून आठ-आठ, दहा-दहा अपत्ये होऊ देत, यात नवल ते काय! मोठे कुटुंब हा अविचार नव्हता. मृत्यूशी केलेला तो हिशेब होता.

हिशेब बदलला

१९२१ हे वर्ष भारताच्या लोकसंख्येच्या इतिहासातील महान विभाजक वर्ष मानले जाते. त्यानंतर देशाची लोकसंख्या कोणत्याही दशकात घटलेली नाही. दुष्काळाच्या वेळी धान्य पोहोचू लागले, नळाचे पाणी आले, लसी आल्या, हिवतापावर उपाय निघाले. भारतात देवीचा अखेरचा रोगी १९७५ मध्ये आढळला. १९५१ च्या सुमारास सरासरी आयुर्मान ३२ वर्षांच्या आसपास होते. आज ते ७० वर्षांच्या घरात आहे. देशाची लोकसंख्या १९५१ मध्ये ३६ कोटी होती, ती २०११ मध्ये १२१ कोटी झाली. काशीही याच काळात साडेतीन लाखांवरून सुमारे १२ लाखांवर गेली.

ही वाढ जन्म वाढल्यामुळे झाली नाही, मृत्यू कमी झाल्यामुळे झाली. गर्दीला नावे ठेवताना हे विसरता कामा नये. या गर्दीत कितीतरी जण असे आहेत, की जे शंभर वर्षांपूर्वी जन्मते तर आज आपल्याला दिसलेच नसते.

मात्र मृत्यूचा हिशेब बदलल्यावर जन्माचा हिशेबही बदलावा लागतो. योगायोगाची गोष्ट अशी, की ज्या १९२१ साली हे वळण आले, त्याच साली मुंबईत रघुनाथ धोंडो कर्वे यांनी संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. या कार्यापायी त्यांना प्राध्यापकी सोडावी लागली, लोकनिंदा सोसावी लागली. तरी ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक त्यांनी १९२७ पासून १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत चालविले. १९५२ मध्ये भारत सरकारने कुटुंबनियोजन हा राष्ट्रीय कार्यक्रम म्हणून स्वीकारला. असे करणारा भारत हा जगातील पहिला देश होय.

त्याचे फळ आज दिसते आहे. १९५० च्या दशकात भारतीय स्त्रीला सरासरी सहाच्या आसपास मुले होत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ही सरासरी २.० वर आली; महाराष्ट्रात १.७, तर काशी ज्या प्रांतात आहे त्या उत्तर प्रदेशात २.४. तरीही लोकसंख्येत भारताने चीनला २०२३ मध्ये मागे टाकले. हे कसे? घाटाला लागणाऱ्या नावेचे उदाहरण घ्या. नावाड्याने वल्ही थांबविली तरी नाव काही अंतर पुढे जातेच. मागील पिढीत जन्मलेली कोट्यवधी मुले आज आईबाप झाली आहेत. प्रत्येक घरात दोनच मुले असली, तरी घरांचीच संख्या मोठी आहे.

पोट आणि पुण्य

शहरांच्या वाढीला आणखी एक कारण आहे, ते स्थलांतराचे. मराठी माणूस शतकानुशतके पुण्यासाठी काशीस गेला. काशीच्या आसपासचा माणूस पोटासाठी मुंबईस आला. २०११ मध्ये वाराणसी जिल्ह्यात दर चौरस किलोमीटरला सुमारे २,४०० माणसे होती. महाराष्ट्रात हेच प्रमाण ३६५ होते. इतकी माणसे जमिनीच्या तुकड्यावर पोसली जात नाहीत, तेव्हा तरुण घराबाहेर पडतो.

पण तो आता शहराच्या मध्यभागी मावत नाही. २००१ ते २०११ या दशकात बृहन्मुंबई १ कोटी १९ लाखांवरून १ कोटी २४ लाखांवर गेली, आणि मूळ मुंबई बेटाची वस्ती तर घटली. त्याच दशकात तेव्हाचा ठाणे जिल्हा मात्र ८१ लाखांवरून १ कोटी १० लाखांवर गेला. काशीतही नगरीची वाढ दहा टक्क्यांच्या आसपास, तर जिल्ह्याची सतरा टक्के. वाढ शहराच्या वेशीबाहेर आहे. नळ, गटारे, शाळा आणि दवाखाने तेथे माणसांच्या मागून पोहोचतात. खरी अडचण येथे आहे.

अहिल्याबाई घाटाच्या पायऱ्या दोन लाखांच्या आतील नगरीसाठी बांधल्या होत्या. त्या पायऱ्यांपुढच्या गंगेत पुढे बारा लाखांच्या शहराचे सांडपाणी येऊ लागले. नदीशुद्धीची पहिली मोठी योजना १९८६ मध्ये काशीतच सुरू झाली. दररोज १४ कोटी लिटर सांडपाणी शुद्ध करणारे दीनापूरचे नवे केंद्र २०१८ मध्ये चालू झाले. माणसे आधी आली, व्यवस्था नंतर आली. मधली वर्षे नदीने आणि काठच्या माणसांनी सोसली.

आपल्या दारावरचा प्रश्न

म्हणूनच मोजणी वेळेवर होणे अगत्याचे आहे. १८८१ पासून दर दहा वर्षांनी अखंड होत आलेली जनगणना २०२१ मध्ये झाली नाही. पुढील गणनेसाठी १ मार्च २०२७ ही संदर्भतिथी २०२५ मध्ये जाहीर झाली. गणक दाराशी येईल तेव्हा त्याला घरातील प्रत्येक माणसाची खरी माहिती देणे, हे प्रत्येक कुटुंबाचे कर्तव्य आहे. तान्हे बाळ, घरी राहणारी वृद्धा, कामाला ठेवलेला मुलगा यांपैकी कोणीही गाळले जाऊ नये. जो मोजला गेला नाही, त्याच्यासाठी शाळेत बाक नाही आणि दवाखान्यात खाट नाही.

आणि एक गोष्ट विशेष ध्यानी ठेवावयाची. २०११ मध्ये महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागे ८९४ मुलीच होत्या. लहान कुटुंब हे सुखाचे खरे. पण ते मुलीचा जन्म नाकारून लहान केलेले असेल, तर त्याला नियोजन म्हणता येणार नाही. चौंडीसारख्या लहान गावातल्या शिंदे घराण्यात १७२५ मध्ये एक मुलगी जन्मली, म्हणून काशीला हा घाट मिळाला. आपल्या घरी येणाऱ्या मुलीचे स्वागत करताना एवढे आठवले, तरी पुरे आहे.