दुष्काळी वाटेवरचे जलउद्यान

सिन्नरहून शिर्डीला जाणारा रस्ता आमच्या गावाजवळून जातो. सिन्नर तालुक्याचा हा पूर्व भाग अवर्षणग्रस्त. उन्हाळ्यात टँकर आला की आई आणि मी हंडे घेऊन रांगेत उभ्या. याच रस्त्याने पुढे शिर्डीला ‘वेट एन जॉय’ हे जलउद्यान आहे. मामांनी आम्हा भावंडांना तेथे नेले, तेव्हा माझ्या मनात पहिला प्रश्न आला तो हाच, की एवढे पाणी रोज लागते तरी किती?

हे उद्यान उभारले संगमनेरच्या मालपाणी घराण्याने. त्यांचा ‘गाय छाप’ जर्दा आपल्याकडे कोणाला ठाऊक नाही? माझ्या आजोबांच्या कोपरीच्या खिशात ती पुडी कायमची असे. तंबाखूच्या व्यापारातले हे घराणे करमणुकीच्या धंद्यात उतरले. लोणावळ्यालाही त्यांनी जलउद्यान काढले. खोपोलीचे ‘इमॅजिका’ मनमोहन शेट्टी यांनी २०१३ साली सुरू केले होते. कर्जाने वाकलेल्या त्या कंपनीचा ताबा २०२२ साली मालपाणींकडे आला. मूळ कल्पना मात्र परदेशी. अमेरिकेत ऑरलँडो येथे जॉर्ज मिले यांनी १९७७ साली ‘वेट एन वाइल्ड’ उघडले, तेथून हे लोण पसरले.

आता पाण्याविषयी. लाटांच्या तलावात खोल बाजूच्या भिंतीआड बंद कप्पे असतात. पंख्यांनी त्यांत ठरावीक तालात हवा दाबली की पाणी खाली ढकलले जाते आणि लाट उठते. तलावाचे पाणी रोज बदलत नाहीत. पंप ते ओढून घेतात, वाळूच्या गाळणीतून काढतात, क्लोरीन घालून परत सोडतात. अशा ठिकाणी नायलॉनचाच पोशाख लागतो, त्याचे एक कारण हेच: सुती कापडाचे धागे गाळणीत अडकतात. (भाड्याच्या पोशाखात मी फार अवघडले होते, ते असो.)

म्हणजे पाणी वाया जाते ही समजूत अर्धीच खरी. तरी बाष्पीभवन होते, अंगाबरोबर पाणी बाहेर जाते, गाळणी उलट्या प्रवाहाने धुवावी लागते. तेवढी भर रोज घालावीच लागते. ऊन आणि गर्दी दोन्ही वैशाखात शिगेला, आणि आमचा टँकरही नेमका तेव्हाच. म्हणून अशा प्रत्येक उद्यानाने रोजच्या भरीचा आकडा तिकीटखिडकीजवळ फळ्यावर लिहावा, असे मला वाटते. टँकरच्या खेपा आमच्याकडे चावडीच्या फळ्यावर लिहितातच.