मिराशींचे संशोधन आणि भंडाऱ्याचा प्राचीन इतिहास

भंडारा म्हटले म्हणजे पितळेची भांडी, धानाची शेते आणि पाण्याने भरलेले तलाव डोळ्यांपुढे उभे राहतात. ह्या भूमीला सुमारे दोन सहस्र वर्षांचा लिखित इतिहास आहे, ही गोष्ट मात्र पुष्कळ सुशिक्षितांच्याही गावी नसते. तो इतिहास ज्यांनी दगडावरून व तांब्यावरून वाचून दाखविला, त्यांत महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी (१८९३–१९८५) ह्यांचे स्थान अग्रभागी आहे.

मिराशी मूळचे कोकणातले. नागपूरच्या मॉरिस कॉलेजात ते संस्कृतचे प्राध्यापक झाले आणि पुढे विदर्भाचेच होऊन राहिले. नंतर नागपूर विद्यापीठाच्या प्राचीन भारतीय इतिहास व संस्कृती ह्या विभागाचे प्रमुखपदही त्यांनी भूषविले. कलचुरी, वाकाटक व शिलाहार ह्या तीन राजवंशांच्या कोरीव लेखांचे त्यांनी संपादिलेले बृहद्‌ग्रंथ अनुक्रमे १९५५, १९६३ व १९७७ साली प्रसिद्ध झाले. ‘कालिदास’ आणि ‘वाकाटक नृपति आणि त्यांचा काल’ हे ग्रंथ त्यांनी मराठीत लिहिले, हे विशेष होय.

कोरीव लेख वाचणे म्हणजे नुसती अक्षरे लावणे नव्हे. प्रथम दगडावर ओला कागद चेपून बसवावयाचा, त्यावर शाई फिरवून ठसा घ्यावयाचा. मग अक्षरांच्या वळणावरून काळ ठरवावयाचा. तिथी दिली असेल तर गणिताने ती पडताळावयाची. शेवटी लेखातील गावे आजच्या नकाशावर शोधावयाची. एकच गाव जुळले तर तो योगायोग असू शकतो. त्याच्या शेजारची गावेही जुळली, म्हणजे प्रमाण बळकट होते.

ह्या पद्धतीचे फळ भंडारा जिल्ह्यात कसे मिळाले ते पाहावे. वैनगंगेच्या काठी पवनी हे प्राचीन नगर आहे. तेथे पादुका कोरलेली एक शिळा मिळाली. तिच्यावरील लहानशा ब्राह्मी लेखात भार कुळातील भगदत्त राजाचे नाव आहे. हा लेख मिराशींनी प्रसिद्ध केला. हेच भार पुढे भारशिव म्हणून ओळखले जाऊ लागले असावेत, असे त्यांचे मत होते. एका ओळीच्या आधारे एक विस्मृत राजा पुन्हा इतिहासात आला.

दुसरे उदाहरण रतनपूरचे. तेथील जाजल्लदेवाच्या इ. स. १११४ च्या शिलालेखात त्याला वार्षिक कर देणाऱ्या मंडलांची यादी आहे. तीत वैरागर व लांजिका ह्यांच्या जोडीने ‘भाणार’ हे नाव येते. वैरागर म्हणजे वैरागड आणि लांजिका म्हणजे लांजी. तेव्हा त्यांच्या शेजारचे भाणार म्हणजे भंडारा, हे सहज पटते. मिराशींच्या कलचुरी-लेखसंग्रहात हाही लेख आहे.

तिसरे उदाहरण साहित्यरसिकांना अधिक मोह घालील. नाटककार भवभूतीने आपल्या पूर्वजांचे गाव पद्मपूर म्हणून सांगितले आहे. ते कोठे असावे ह्याविषयी विद्वानांत मतभेद होते. दुर्ग भागात सापडलेला एक अपुरा वाकाटक ताम्रपट पद्मपुराहून दिलेला आहे, हे मिराशींनी दाखविले. त्या पुराव्याच्या जोरावर त्यांनी आमगावनजीकचे पदमपूर हेच ते गाव, असे प्रतिपादन केले. आमगाव तेव्हा भंडारा जिल्ह्यात होते. १९९९ पासून ते गोंदिया जिल्ह्यात मोडते. अशा रीतीने संस्कृत नाटक व तांब्याचा पत्रा एकमेकांचे साक्षी झाले.

पुढे १९६९–७० साली पवनीस शां. भा. देव व जगत्पती जोशी ह्यांच्या मार्गदर्शनाखाली उत्खनन झाले. विटांचे बौद्ध स्तूप आणि दान देणाऱ्यांची नावे कोरलेले स्तंभ तेथे उजेडात आले. पवनीचे महत्त्व आता केवळ एका शिळेवर अवलंबून राहिले नाही.

प्राध्यापक कितीही व्यासंगी असला, तरी जो लेख त्याच्यापर्यंत पोहोचलाच नाही तो त्याला वाचता येत नाही. जुन्या दगडावर धुणे आपटले गेले, ताम्रपट तांबटाच्या मुशीत गेला, की त्याबरोबर एखादा राजा किंवा एखादे गाव कायमचे मुके होते. घरच्या विहिरीच्या काठावर अक्षरे असलेला दगड आढळल्यास तो न हलविता, न घासता जाणकारास दाखवावा. भंडाऱ्याच्या इतिहासाची पुढील ओळ कदाचित त्याच दगडावर असेल.