सावकाश वाचनाची दहा वर्षं

25 जुलै 2024 ला मराठी लेखक फादर फ्रान्सिस दिब्रिटो गेले आणि त्याच पावसाळ्यात नवी मुंबईतलं आमचं मराठी बायबल-मनन बंद झालं. माणसं येत नाहीत, असं कारण मिळालं. आता सकाळी मोबाइलवर रंगीत चित्रासह एक वचन येतं. लोक हात जोडल्याची खूण टाकतात आणि लोकल गाठायला पळतात. हे मला सहन होत नाही.

मागे वळून पाहिलं, तर नव्वदच्या दशकाबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. 1992 ला वाशीपर्यंत रेल्वे आली. वसईची, नगरची, गोव्याची ख्रिस्ती कुटुंबं सिडकोच्या घरांत स्थिरावली आणि भक्ती रविवारच्या मिस्सेपुरती उरली.

खरे दिवस 2010 नंतरचे. त्या वर्षी पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी ‘वर्बम डोमिनी’ या पत्रात ‘लेक्सिओ दिविना’चा, म्हणजे बायबलच्या सावकाश, प्रार्थनापूर्वक वाचनाच्या रीतीचा आग्रह धरला. वाचन, मनन, प्रार्थना, ध्यान या तिच्या चार पायऱ्या बाराव्या शतकात गिगो या मठवासीयानं मांडल्या. आम्ही शुक्रवारी कुणाच्या तरी घरी जमायचो. एकच उतारा दोनदा मोठ्यानं वाचायचा आणि गप्प बसायचं.

एकदा मार्कच्या दहाव्या अध्यायातला आंधळा बार्तीमय आला. येशूनं बोलावताच तो अंगावरचं वस्त्र टाकून उठतो. वसईच्या एक मावशी तिथंच अडल्या. “भिकाऱ्याचं अंथरूण-पांघरूण तेच ना? तेच टाकलं त्यानं!” मग कुणीतरी निर्गमाचा बाविसावा अध्याय काढला. गरिबाचं गहाण घेतलेलं पांघरूण सूर्यास्ताआधी परत करावं, अशी तिथं आज्ञा आहे, कारण रात्री त्याच्याजवळ दुसरं काही नसतं. पुढे बराच वेळ कुणी बोललं नाही. त्या रात्री स्टेशनबाहेर गोणपाटावर झोपलेल्या माणसाला ओलांडून जाणं मला जमलं नाही.

तेव्हाही काही शहाणे म्हणायचेच, मराठीत कशाला, मुलांना इंग्रजी बरं पडतं. फादर स्टीफन्सचं मराठी ‘क्रिस्तपुराण’ 1616 चं. पंडिता रमाबाईंनी केडगावला हिब्रू-ग्रीक शिकून अख्खं बायबल साध्या बायाबापड्यांच्या मराठीत आणलं. एवढा वारसा असताना मराठीची अडचण वाटावी, हा करंटेपणा आहे.

जानेवारी 2020 मध्ये दिब्रिटो उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हा मराठी ख्रिस्ती वाचनाला बरे दिवस येतील असं वाटलं. पण मार्चमध्ये कोविडमुळे चर्चला कुलूप लागलं. आमचा गट पडद्यावर गेला आणि पुन्हा कधी धड जमलाच नाही.

नवी मुंबईतल्या धर्मगुरूंना विनंती आहे: शुक्रवारी तासभर एक खोली मराठीसाठी उघडी ठेवा. चार माणसं आली तरी पुरे.