सकाळीं निघून दिवेलागणीस घरीं

काशी-रामेश्वर करून आलेल्या घरांतूनही असें पुष्कळदां आढळतें, कीं गांवाच्या वेशीजवळचें कांहींच कोणी पाहिलेलें नसतें. आमच्याच घरचें उदाहरण घ्या. रत्नागिरींत जन्म गेलेल्या आमच्या काकूंनीं थिबाराजाचा वाडा बाहेरून शेकडों वेळां पाहिला असेल. आंत पाऊल टाकण्याचा योग सत्तरी उलटल्यावर आला. तेव्हांपासून सुटींत घर भरलें म्हणजे म्हाताऱ्यांपासून लेंकरांपर्यंत सर्वांस झेपेल असें ठिकाण निवडावें, असा आम्हीं परिपाठ ठेवला आहे.

पहिला दिवस गांवांतच घालवावा. टिळक आळींत लोकमान्यांचें जन्मस्थान आहे, तें पाहून वाड्याकडे वळावें. ब्रह्मदेशचा शेवटचा राजा थिबा यास इंग्रजांनीं १८८५ सालीं पदच्युत केलें व पुढील वर्षीं येथें आणून ठेविलें. भाट्याच्या खाडीवर दृष्टि टाकणारा हा वाडा १९१० च्या सुमारास पुरा झाला आणि १९१६ च्या डिसेंबरांत राजा वारला. म्हणजे इतक्या प्रशस्त वास्तूंत त्याचीं उणींपुरीं सहाच वर्षें गेलीं!

वाडा पाहून बहुतेक मंडळी परत फिरतात, तें आम्हांस पटत नाहीं. गांवांतच राजाची समाधि आहे. त्याची धाकटी राणीही येथेंच चिरविश्रांति घेत आहे. पट्टराणी सुपयालत १९१९ सालीं मायदेशीं गेली. पतीचा देह सोबत नेण्याची अनुज्ञा तिला मिळाली नाहीं. दिल्लीचा शेवटचा बादशहा बहादुरशहा १८६२ पासून रंगूनच्या मातींत आहे, आणि रंगून ज्या देशांत, तेथला राजा आमच्या गांवीं! २०१२ सालीं ब्रह्मदेशचे अध्यक्ष थेन सेन हे मुद्दाम या समाधीस येऊन गेले. आम्हीं गेलों त्या दिवशीं मात्र तेथें दुसरें कोणी नव्हतें. "यांना घरीं कां नाहीं नेलें?" असें धाकट्या नातवानें विचारलें. काकू कांहीं बोलल्या नाहींत. देवासाठीं आणलेलीं तगरीचीं फुलें त्यांनीं तेथेंच ठेविलीं.

उन्हें उतरल्यावर रत्नदुर्गावर भगवतीचें दर्शन घ्यावें. पावसाळ्यांत मात्र जांभ्याच्या पायऱ्या शेवाळतात. वडील माणसें बरोबर असतील तर दिवाळीनंतरचेच दिवस बरे.

दुसऱ्या दिवशीं उत्तरेस, आरे-वारेच्या किनाऱ्यानें, गणपतिपुळ्यास जावें. अंतर सुमारें पंचवीस किलोमीटर. देवदर्शन सर्वच करतात, पण लगतच्या मालगुंडास जाण्याचें विसरतात. केशवसुत १८६६ सालीं या गांवीं जन्मले. कोंकण मराठी साहित्य परिषदेनें त्यांचें घर जतन करून स्मारक उभारलें आहे. मुंबईच्या बिऱ्हाडांत वाढलेल्या आमच्या मुलांस ओटी व माजघर हे शब्द पुस्तकांतलेच ठाऊक; त्यांना तें कौलारू घर सोडवेना. अशानें शास्त्री नदीच्या मुखावरील जयगड राहून गेला, त्याची आम्हांस खंत नाहीं.

दक्षिणेकडे भाट्याचा पूल ओलांडून पांवस व पुढें मुचकुंदीच्या मुखाशीं पूर्णगड आहे. किल्ला लहानसा, तासाभरांत पाहून होतो. डबा घरूनच न्यावा व पाणी भरपूर घ्यावें. काकूंनीं नाताळच्या सुटीसाठीं तोच सांगून ठेविला आहे, आणि या खेपेस दशम्या त्या स्वतः करणार आहेत.