तांदूळ शिजतो, बांबू का शिजत नाही?
अणू ते पदार्थ : लेखांक ७

कुरखेड्याच्या परिसरात बांधीत धान उभा असतो आणि बांधी संपली की जंगलात बांबू. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने ही दोन्ही गवतेच. पण या दोघांचे नाते कुळापुरते नाही. धानाच्या दाण्यातला स्टार्च आणि बांबूच्या पेशीभिंतीतला सेल्युलोज हे दोन्ही ग्लुकोज या एकाच साखरेचे बनलेले असतात. अणू तेच, त्यांचे प्रमाण तेच. तरी तांदूळ अर्ध्या तासात शिजून मऊ होतो आणि बांबू दिवसभर उकळला तरी ताठच राहतो. एक आपले अन्न होतो, दुसरा घराचा वासा. माझे म्हणणे असे की पदार्थात कोणते अणू आहेत एवढ्यावरून त्याचे गुण कळत नाहीत. ते अणू कोणत्या दिशेने बांधले गेले आहेत हे पाहावेच लागते. या परिसरात त्याचा पुरावा जागोजागी आहे.

मागच्या लेखात पाहिले की कार्बनच्या बाहेरच्या कक्षेत चार इलेक्ट्रॉन असतात आणि ते शेजारच्या अणूंशी वाटून घेऊन तो चार सहसंयुज बंध करतो. हे बंध अवकाशात ठरावीक दिशांनाच रोखलेले असतात. ग्लुकोजमध्ये कार्बनचे ६, हायड्रोजनचे १२ आणि ऑक्सिजनचे ६ अणू असतात. त्यातले पाच कार्बन आणि एक ऑक्सिजन मिळून षट्कोनी कडे होते. या कड्याच्या पहिल्या कार्बनवरचा ऑक्सिजन कड्याच्या एका अंगाला असू शकतो किंवा दुसऱ्या. पहिल्या रचनेला अल्फा म्हणतात, दुसरीला बीटा. फरक एवढाच. पण अल्फा बंधांनी हजारो ग्लुकोज जोडत गेले की साखळी वळत जाते आणि तिचा सैल पीळदार स्टार्च होतो. बीटा बंधांत प्रत्येक पुढचा ग्लुकोज मागच्याच्या तुलनेत उलटा बसतो. त्यामुळे वळण तयार होत नाही, साखळी सरळ जाते आणि सेल्युलोज होतो. सरळ साखळ्या एकमेकींना अगदी चिकटून राहू शकतात. त्यांच्या कडेचे हायड्रोजन शेजारच्या साखळीतल्या ऑक्सिजनकडे ओढले जातात (हेच हायड्रोजन बंध) आणि लांबच लांब घट्ट जुडी तयार होते.

हे केवळ फळ्यावर काढलेले चित्र आहे, असे कोणी म्हणेल. एकेकाळी रसायनशास्त्रज्ञही तसेच म्हणत. आन्सेल्म पायेन यांनी १८३८ मध्ये सेल्युलोज वेगळा केला, पण हजारो घटकांची एकसंध साखळी असू शकते हे १९२० मध्ये हेर्मान श्टाउडिंगर यांनी मांडले तेव्हा अनेकांनी ते नाकारले. हे लहान रेणूंचे नुसते घोळके आहेत, असा त्यांचा दावा होता. क्ष-किरणांच्या आणि इतर मोजमापांच्या पुराव्याने साखळीचे पारडे जड झाले आणि श्टाउडिंगर यांना १९५३ मध्ये नोबेल मिळाले. घरच्या घरीही एक पुरावा मिळतो. भाताच्या शितावर टिंक्चर आयोडिनचा थेंब टाकला की शीत निळेकाळे होते, कारण आयोडिन स्टार्चच्या पिळाच्या पोकळीत जाऊन बसते. औषधी कापूस जवळपास शुद्ध सेल्युलोज असतो. त्याच्यावर तोच थेंब नुसता पिवळट-तपकिरी डाग सोडतो. सरळ साखळीत बसायला आयोडिनला पोकळीच नाही.

याहून बोलका साक्षीदार बांबू पोखरणारा किडा आहे. बांबूच्या पेरांत सेल्युलोजबरोबर साठवणीचा थोडा स्टार्चही असतो. किड्याची अळी पोखरत जाते ती या स्टार्चसाठी. सेल्युलोज तिला पचत नाही. म्हणून जुन्या टोपलीखाली जी बारीक पूड सांडलेली दिसते ती बहुतांशी न पचलेल्या भिंतींची असते. अल्फा आणि बीटा यांतला फरक अळीच्या पोटातली विकरे अचूक ओळखतात. हेच कारण लक्षात घेतले की जुन्या चालीरीतींचाही उलगडा होतो. पावसाळ्यात नवे कोंब वाढवताना जुन्या बांबूतला साठा खर्ची पडतो, म्हणून त्यानंतर तोडलेला बांबू कमी पोखरला जातो. फुलून वाळलेल्या बांबूत स्टार्च संपलेला असतो आणि त्याला कीड फारशी शिवत नाही. वाहत्या पाण्यात बांबू काही आठवडे भिजवण्याची पद्धतही याच स्टार्चवर नेम धरते.

इथे एक रास्त शंका निघते. हायड्रोजन बंध तर दुबळे: ऑक्सिजन-हायड्रोजनचा सहसंयुज बंध तोडायला मोलामागे सुमारे ४६० किलोज्यूल लागतात, हायड्रोजन बंधाला त्याच्या विसाव्या हिश्श्याच्या आसपास. मग असल्या बंधांवर वासा कसा उभा राहील? उत्तर संख्येत आहे. प्रत्येक ग्लुकोजवर तीन ठिकाणी असे बंध होऊ शकतात आणि एका साखळीत हजारो ग्लुकोज असतात. अंबाडीचा एकेक तंतू बोटाने तुटतो, पण त्यांचे दोरखंड तुटत नाही, तसेच हे. शिवाय साखळीच्या लांबीने ओढ बसते ती पक्क्या सहसंयुज बंधांवरच. तापवल्यावर सेल्युलोज वितळत नाही याचेही कारण हेच: जुडी सुटण्याइतकी उष्णता मिळेपर्यंत साखळ्याच तुटू लागतात आणि कोळसा होतो.

दुसरी शंका पाण्याची. पाणीही हायड्रोजन बंध करते, मग ते साखळ्या सोडवत का नाही? तांदळात ते तसे करतेच: सुमारे ७० अंशांना स्टार्चच्या कणांत शिरून पीळ सुटे करते, त्यालाच आपण शिजणे म्हणतो. सेल्युलोजच्या जुडीत मात्र त्याला आत शिरायला फटच मिळत नाही. शेजारच्या साखळीने सगळ्या जागा आधीच धरलेल्या असतात. भिजलेला कागद पाहा. तंतू आणि तंतू यांच्यामधले बंध पाण्याने सुटतात, म्हणून कागदाचा लगदा होतो. पण प्रत्येक तंतू शाबूत राहतो, म्हणूनच त्या लगद्याचा पुन्हा कागद होतो.

तिसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे, आणि तो मला अर्धा मान्य आहे: बांबूची ताकद पेशीभिंतीतल्या लिग्निन या दुसऱ्या पदार्थामुळे असते. बांबूत सेल्युलोज निम्म्याच्या आसपास असतो आणि पाव भागाच्या आसपास लिग्निन. सरळ साखळ्या ओढ सहन करतात, पण दाब आला की बाजूला झुकतात. त्यांना जागेवर धरून ठेवतो तो लिग्निन. वास्ते, म्हणजे बांबूचे कोंब, कोवळे असताना खाता येतात, कारण तोवर भिंती जाड झालेल्या नसतात आणि त्यांत लिग्निन भरलेला नसतो. बल्लारपूरच्या कागद कारखान्याने दशकानुदशके या जंगलांतला बांबू वापरला. कास्टिक सोडा आणि सोडियम सल्फाइडच्या द्रावणात शिजवून बांबूतला लिग्निन काढून टाकला जातो. ताठपणा जातो, तरी उरलेला तंतू पाण्यात विरघळत नाही. कापसात तर लिग्निन जवळजवळ नसतोच, आणि तोही शिजत नाही. म्हणजे ताठपणाचे श्रेय लिग्निनला दिले तरी न विरघळण्याचे श्रेय बीटा बंधाचेच राहते.

लिग्निनचा स्वभावही त्याच्या रचनेतूनच येतो. त्याच्या जोडण्या चहूकडे वेड्यावाकड्या जातात, त्यामुळे घट्ट जुडी बनत नाही आणि उष्णतेने तो मऊ पडतो. बांबू विस्तवावर शेकून वाकवला आणि तसाच धरून थंड केला की तो नव्या आकारात राहतो. मऊ पडून पुन्हा घट्ट होतो तो लिग्निन, सेल्युलोजच्या साखळ्या फक्त जागा बदलतात. ओला बांबू लवकर वाकतो, कारण पाण्याने लिग्निन कमी उष्णतेतच मऊ होतो.

पुढच्या लेखात सुरजागडच्या लोहखनिजाकडे वळू. तिथे लोह ऑक्सिजनला इलेक्ट्रॉन देऊन बसलेले असते, आणि भट्टीत कार्बन तो ऑक्सिजन काढून घेतो तेव्हा ठिसूळ दगडातून वाकणारा धातू बाहेर येतो.