वेत : सह्याद्रीतील काटेरी वेल

वेताची छडी व वेताची खुर्ची सर्वांच्या परिचयाची आहे. परंतु ज्या वनस्पतीपासून त्या तयार होतात, ती प्रत्यक्ष पाहिलेली माणसे थोडीच आढळतात. वेत म्हणजे बांबूचीच एक बारीक जात, अशी पुष्कळांची समजूत असते. ती खरी नव्हे. बांबू हा गवताच्या कुळातील असून त्याचे खोड बहुधा पोकळ असते. वेत हा नारळ व सुपारी यांच्या कुळातील असून त्याचे खोड आतून भरीव व लांब धाग्यांचे असते. म्हणूनच ते हवे तसे वाकविता येते.

वेताच्या बहुतेक जाती ‘कॅलॅमस’ या प्रजातीत मोडतात. भारतात ईशान्येकडील राज्ये, अंदमान-निकोबार बेटे आणि पश्चिम घाट ही वेताची मुख्य क्षेत्रे होत. दक्षिण कोकण, गोवा व उत्तर कन्नड येथील सदाहरित रानांत, विशेषतः ओढ्याकाठच्या ओलसर जागी, त्याची बेटे दिसतात.

वेताचे रोप प्रथम जमिनीलगत पानांचा झुबका करून बसते व खोडास पुरती जाडी आल्यावरच वर चढू लागते. एकदल वनस्पतींप्रमाणेच त्याचे खोड पुढे जाड होत नाही; वाढते ती केवळ लांबी. काही जातींची लांबी शंभर मीटरांहून अधिक भरते. खोडाभोवती पानांची काटेरी आवरणे घट्ट बसलेली असतात. चढण्यासाठी या वेलीस तणाव्यांऐवजी उलट्या आकड्यांनी भरलेला लांब चाबूक असतो. पश्चिम घाटातील जातींत तो पानाच्या आवरणापासून निघतो, तर अंदमानातील एका जाड वेतात पानाचा कणाच पुढे वाढून तेच काम करतो. हे आकडे शेजारच्या झाडात रुतले की वेल मागे घसरत नाही. रानात वावरणाऱ्याच्या अंगावरील कपडेही त्यांतून सहजासहजी सुटत नाहीत.

नर व मादी वेली निराळ्या असतात. फळ लहान, गोल, व सापाच्या कातडीप्रमाणे उलट्या खवल्यांनी आच्छादिलेले असते. सुमात्रा व बोर्निओ येथील काही वेतांच्या फळांवर लाल राळ जमते. हिरादखण या नावाने विकल्या जाणाऱ्या पदार्थाचा एक प्रकार तो हाच. दुसरा प्रकार सोकोत्रा बेटावरील अगदी वेगळ्या झाडापासून मिळतो.

वेताचे उपयोग फार जुने आहेत. संस्कृतात त्यास ‘वेत्र’ म्हणत, आणि हाती वेत घेऊन उभा राहणारा द्वारपाल तो वेत्रधर. अरुणाचल प्रदेशात नद्यांवर वेताचे झुलते पूल बांधीत आले आहेत. ईशान्येकडे काही जातींचे कोवळे कोंब भाजीसाठी खातात. वेताची साल काढून तिने खुर्चीची बैठक विणतात व आतील गाभ्याच्या टोपल्या करतात. महाराष्ट्राचा खास संबंध मात्र मल्लखांबाशी आहे. टांगलेल्या वेतावरील कसरती ही आपल्या आखाड्यांची जुनी विद्या. परंतु पुरेसा लांब व निकोप वेत मिळेनासा झाला आणि त्याची जागा सुती दोराने घेतली. वेत दुर्मिळ झाल्याची याहून बोलकी खूण कोणती असावी?

दुर्मिळतेचे कारण तोडीच्या पद्धतीत आहे. फुलोरा येतो तो वाढलेल्या वेलीवर, आणि दर चांगला येतो तोही तिलाच. त्यामुळे बी देणाऱ्या वेलीच आधी जातात. बेटात वाढणाऱ्या जाती बुडापासून पुन्हा फुटतात. एकखोडी जातीची वेल मात्र तोडताच मरते. म्हणून तोडणाऱ्याने जात ओळखावी आणि प्रत्येक बेटातील कोवळी खोडे, तसेच फळे धरणाऱ्या काही मादी वेली व त्यांच्या जवळचे नर राखावेत.

ज्या शेतकऱ्याच्या बागेत सावली, ओल व आधाराची उंच झाडे आहेत, त्याने वेताची थोडी रोपे लावून पाहण्यास हरकत नाही. पिकलेल्या फळांचा गर व खवले काढून बी धुवावे. ते उन्हात वाळवू नये. वाळल्यास त्याची उगवणशक्ती जाते. बी ताजे असतानाच सावलीतील गादीवाफ्यात पेरावे. उगवण्यास काही महिने लागतात, तेवढ्यावरून बी वाया गेले असे मानू नये. रोपे पुरेशी वाढल्यावर पावसाच्या आरंभी आधाराच्या झाडाजवळ लावावीत. रोपास सावली मानवते, पण चढत्या वेलीस उजेड हवा; फांद्या दाट असल्यास विरळ कराव्यात. उत्पन्नासाठी अनेक वर्षे थांबावे लागते, हे आधीच ध्यानात घेऊन मुख्य बागेस बाध न येईल एवढीच लागवड करावी.

तोडलेला वेत ओला ठेवल्यास त्यावर बुरशीचे निळसर डाग पडतात, व पुढे भुंगेरेही लागतात. म्हणून आवरणे ओढून काढल्यावर शेंड्याचा कोवळा भाग टाकून द्यावा आणि बाकीचा वेत थोड्याच दिवसांत वाळवावा. जाड वेत गरम तेलात उकळून मग वाळविण्याची रीत आहे. वनातील वेताबाबत 2006 च्या वनहक्क कायद्याने वेताची गणना गौण वनोपजात केली आहे. तथापि हक्क मान्य झाले आहेत की नाहीत, याची खात्री ग्रामसभेत व वनखात्याकडे करून घेतल्यावाचून रानात कोयता लावू नये.