कोंडीत सापडलेले जहाज आणि आपली ‘दिल्ली’

वाचकहो, वेढा म्हणजे काय, हे वसईकराला पुस्तकातून शिकावे लागत नाही. किल्ल्याचे पडके बुरूज रोज डोळ्यांसमोर असतात आणि १७३९ सालची गोष्ट आजोबांकडून नातवाकडे आपसूक येते. पण किल्ल्याऐवजी एखादे जहाजच वेढ्यात सापडले तर? तटाला निदान जमिनीचा आधार असतो. जहाजाच्या खाली पाणी, पुढे शत्रूच्या तोफा, मागे परक्याचे बंदर आणि पोटात हजार माणसे! अशा वेळी कप्तानाने काय करावे? लढून सर्वांसह मरावे, शरण जावे, की आणखी काही?

या एका प्रश्नावर उभा असलेला एक जुना इंग्रजी युद्धपट आहे. त्याचे नाव ‘द बॅटल ऑफ द रिव्हर प्लेट’, म्हणजे प्लेट नदीची लढाई. मायकेल पॉवेल आणि एमरिक प्रेसबर्गर या जोडीने तो १९५६ साली पडद्यावर आणला. लढाईचे सिनेमे काही थोडे नाहीत. मग याच जुन्या चित्रपटाची ओळख आज का करून देत आहोत, असे तुम्ही विचाराल. एक कारण असे, की त्यात काम करणाऱ्यांमध्ये एक जण आपल्या घरचे आहे. नट नव्हे, नटी नव्हे, तर चक्क एक युद्धनौका! तिच्याकडे आपण येऊच. आधी गोष्ट ऐका.

तीन क्विंटलचा गोळा

१९३९ च्या सप्टेंबरात दुसरे महायुद्ध सुरू झाले. जर्मनीची ‘अ‍ॅडमिरल ग्राफ श्पे’ ही युद्धनौका त्याआधीच गुपचूप अटलांटिक महासागरात जाऊन दबा धरून बसली होती. इंग्लंडकडे माल घेऊन जाणाऱ्या बोटी गाठायच्या आणि बुडवायच्या, हे तिचे काम. तीन महिन्यांच्या आत तिने ९ बोटी तळाला धाडल्या. त्यांतली ‘आफ्रिका शेल’ ही तर आपल्या हिंदी महासागरात, मोझांबिकच्या किनाऱ्याजवळ बुडाली. या बोटीचे कप्तान डव्ह कैदी म्हणून ‘ग्राफ श्पे’वर येतात, तिथूनच चित्रपट सुरू होतो.

‘ग्राफ श्पे’चा कप्तान हान्स लांग्सडॉर्फ. शत्रूपक्षाचा असला तरी माणूस सरळ होता. आधी बोटीवरची माणसे उतरवून घ्यायची आणि मगच बोट बुडवायची, हा त्याचा शिरस्ता. नऊ बोटी बुडाल्या, पण त्यांवरचा एकही खलाशी दगावला नाही. पीटर फिंच या नटाने ही भूमिका अशी काही वठवली आहे, की शत्रूच्या कप्तानाबद्दलही आपल्या मनात आदर उत्पन्न होतो.

१३ डिसेंबर १९३९ च्या पहाटे दक्षिण अमेरिकेत, प्लेट नदी समुद्राला मिळते त्या भागात, तीन ब्रिटिश क्रूझर बोटींनी ‘ग्राफ श्पे’ला गाठले. ‘एक्झेटर’, ‘एजॅक्स’ आणि ‘अकिलीस’ ही त्यांची नावे. त्यांचा सेनानी होता कमोडोर हारवूड.

आता तोफांचा हिशेब आपल्या मापात पाहा. ‘ग्राफ श्पे’च्या तोफेचा एक गोळा ३०० किलोचा, म्हणजे पुरता तीन क्विंटल. ‘एक्झेटर’चा गोळा जेमतेम सव्वा क्विंटलच्या आतला आणि बाकी दोघींचा अर्धा क्विंटल. समोरासमोर उभे राहिले असते तर तिघींचाही निभाव लागला नसता. म्हणून हारवूडने निराळी युक्ती योजली. शेतात शिरलेल्या रानडुकराला कुत्री कशी घेरतात? एक डाव्या अंगाने भुंकते, दोन उजव्या अंगाने, आणि डुकराला कुणावर धावून जावे ते कळत नाही. तसेच ‘एक्झेटर’ एका बाजूला गेली आणि ‘एजॅक्स’ व ‘अकिलीस’ दुसऱ्या बाजूला.

मार मात्र ‘एक्झेटर’ने खाल्ला. तिच्या तोफा एकामागून एक बंद पडल्या, सुकाणूशी बोलायची सोय तुटली. तेव्हा खलाशी रांगेने उभे राहिले आणि कप्तानाचा हुकूम तोंडातोंडी मागपर्यंत पोहोचवू लागले. विहिरीवरून आगीपर्यंत घागरी जाव्यात, तसे शब्द जात होते! त्या एका सकाळी ‘एक्झेटर’वर ६१, ‘एजॅक्स’वर ७, ‘अकिलीस’वर ४ आणि ‘ग्राफ श्पे’वर ३६ माणसे मेली. दोन्हीकडची मिळून १०८. चित्रपट पाहताना हा आकडा लक्षात ठेवा, म्हणजे तोफांचा नुसता धडाका ऐकून टाळ्या वाजवाव्याशा वाटणार नाहीत.

बहात्तर तास

‘ग्राफ श्पे’ बुडाली नाही, पण जायबंदी झाली. तिचा भटारखाना मोडला होता, तेल शुद्ध करण्याची यंत्रे बिघडली होती. अशा स्थितीत जर्मनीपर्यंतचा प्रवास अशक्य. लांग्सडॉर्फने जवळचे बंदर गाठले. ते उरुग्वे देशाचे माँटेव्हिडिओ. इथे खरी कोंडी सुरू होते आणि चित्रपटाचा खरा रंगही इथेच भरतो.

उरुग्वे युद्धात कोणाच्याच बाजूने नव्हता. अशा तटस्थ देशाच्या बंदरात लढाऊ जहाजाला फार दिवस राहता येत नाही, असा आंतरराष्ट्रीय कायदा आहे. सरकारने मुदत दिली ७२ तासांची. तेवढ्यात जहाज दुरुस्त होणे शक्य नव्हते. मुदत संपली की जहाज अडकवून ठेवणार, आणि बाहेर पडावे तर इंग्रज टपलेले. त्यात प्लेट नदीचे मुख म्हणजे उथळ आणि गाळाचे. आपल्या नायगाव-पाचूबंदरच्या तांडेलाला हे समजावून सांगायला नको. ओहोटीच्या खाडीत मोठी बोट कशी अंग चोरून चालते, ते तो रोज पाहतो. एवढ्या जड जहाजाला तिथे मनासारखे वळायलाही वाव नव्हता.

बाहेर खरे तर इंग्रजांचे बळ फार नव्हते. ‘एक्झेटर’ मोडकळून निघून गेली होती आणि तिच्या जागी ‘कंबरलँड’ ही एकच नवी बोट येऊन पोहोचली होती. पण मोठे आरमार येऊन ठेपले आहे अशी हूल इंग्रजांनी उठवली, आणि ती लांग्सडॉर्फच्या कानी जाईल अशी तजवीजही केली. तोफेने जे झाले नाही ते अफवेने केले.

मधल्या काळात एक प्रसंग घडला, तो फार बोलका आहे. लांग्सडॉर्फने बंदरात येताच आपल्याकडचे ब्रिटिश कैदी सोडून दिले. त्याच्या मेलेल्या खलाशांचे दफन झाले, तेव्हा सुटलेल्या या ब्रिटिश दर्यावर्दींनी त्यांच्यासाठी फुलांचे चक्र वाहिले. कालपर्यंत ज्यांच्या कैदेत होतो त्यांच्याच थडग्यावर फुले! दर्यावर पोट असणाऱ्या माणसांचे आपसातले नाते देशांच्या भांडणापेक्षा जुने असते, ते असे.

१७ डिसेंबरचा रविवार उजाडला. बंदरावर ही गर्दी! चित्रपटात एक रेडिओवाला धक्क्याजवळून सगळ्या जगाला वर्णन सांगतो आहे, जसे आपण सामन्याचे धावते वर्णन ऐकतो तसे. संध्याकाळी ‘ग्राफ श्पे’ बंदराबाहेर निघाली. आता लढाई जुंपणार, म्हणून सारे श्वास रोखून पाहत होते. पण जहाज थोडे दूर जाऊन थांबले. बहुतेक खलाशी आधीच दुसऱ्या बोटीवर उतरवलेले होते, उरलेलेही उतरले. आणि मग कप्तानानेच आपले जहाज सुरुंगांनी उडवून दिले. सुमारे हजार माणसे जिवंत राहिली.

आपली ‘दिल्ली’

या चित्रपटात खऱ्या लढाऊ बोटी भूमध्य समुद्रात चालवून चित्रण केले आहे. ‘ग्राफ श्पे’चे काम अमेरिकेच्या ‘सेलम’ या क्रूझरने केले. मुलांना एक खूण सांगून ठेवा. खऱ्या ‘ग्राफ श्पे’वर मोठ्या तोफांचे बुरूज दोन होते, पडद्यावरच्या बोटीवर तीन दिसतील. ‘एजॅक्स’ आणि ‘एक्झेटर’ यांची कामेही दुसऱ्याच ब्रिटिश बोटींनी केली. पण ‘अकिलीस’चे काम कोणी केले? खुद्द ‘अकिलीस’ने! फक्त तोवर तिचे नाव बदलले होते आणि तिच्यावर भारताचे खलाशी होते.

ही बोट १९४८ साली भारताने विकत घेतली. स्वतंत्र भारताच्या आरमाराची ती पहिली ध्वजनौका. १९५० साली प्रजासत्ताक झाल्यावर ती ‘आय. एन. एस. दिल्ली’ म्हणून मिरवू लागली. म्हणजे १९३९ साली न्यूझीलंडचे खलाशी जिच्यावर लढले, तिनेच पुढे भारताच्या खलाशांना घेऊन आपलीच लढाई पुन्हा करून दाखवली. स्वतःच्या तरुणपणाचे सोंग स्वतःच आणण्याचा असा योग किती जहाजांच्या नशिबी आला असेल?

३० जून १९७८ रोजी ती सेवेतून निवृत्त झाली आणि मुंबईतच मोडीत निघाली. तिचा तोफांचा एक बुरूज न्यूझीलंडला भेट म्हणून गेला, तो ऑकलंडला जपून ठेवला आहे. नाव मात्र मागे उरले. मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये बांधलेली नवी ‘दिल्ली’ १९९७ साली आरमारात दाखल झाली.

दीव, गोवा आणि वसई

‘दिल्ली’चे नाते आपल्या मुलखाशी आणखी एका वाटेने जुळते. १८ डिसेंबर १९६१ रोजी, पोर्तुगीज सत्ता उखडण्याच्या मोहिमेत, याच ‘दिल्ली’ने दीवच्या किल्ल्यावर तोफा डागल्या. दीवमध्ये पोर्तुगीजांचा पाय रोवला गेला १५३५ साली, गुजरातच्या बहादूरशहाच्या परवानगीने. आणि वसई त्यांना मिळाली १५३४ साली, त्याच बहादूरशहाकडून. एकाच हाताने दिलेली ही दोन ठाणी. एक चिमाजीअप्पांनी घेतले, दुसरे सव्वादोनशे वर्षांनी स्वतंत्र भारताने.

त्याच दिवशी मुरगावच्या बंदरात पोर्तुगीजांची ‘अफोन्सो द अल्बुकर्क’ ही युद्धनौका तशीच कोंडीत सापडली. आपल्या ‘बेतवा’ आणि ‘बियास’ तिच्यावर चालून गेल्या. ती लढली, कप्तान जबर जखमी झाला, आणि शेवटी खलाशांनी बोट दोनापावलाजवळ किनाऱ्याला लावली. शरण येऊ नका, जिंका नाहीतर मरा, असा पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याचा हुकूम होता. पण गव्हर्नर व्हासालो इ सिल्व्हा यांनी १९ डिसेंबरला शरणागती पत्करली. त्यामुळे लोकांची घरेदारे वाचली. मायदेशी मात्र त्यांना लष्करातून काढून टाकले गेले. त्यांचा मान परत मिळाला तो १९७४ साली पोर्तुगालमध्ये हुकूमशाही कोसळल्यावर.

आणि वसई? १७३९ च्या मे महिन्यात सुरुंगांनी तटाला खिंडारे पडली, मुंबईच्या इंग्रजांकडून पुरेशी मदत आली नाही, तेव्हा आतल्या पोर्तुगीजांनी तह मागितला. मराठ्यांचे असंख्य वीर त्या तटाखाली पडले होते. सूड घ्यायचा म्हटले असते तर कोण अडवणार होते? पण चिमाजीअप्पांनी आठ दिवसांची मुदत दिली. शिबंदीला शस्त्रे घेऊन, निशाणे फडकवीत, वाजतगाजत बाहेर पडू दिले. मागे राहतील त्यांना आपल्या धर्माप्रमाणे वागण्याची मोकळीक दिली.

माँटेव्हिडिओ, गोवा आणि वसई या तीन ठिकाणी तीन वेगळी माणसे एकाच वळणावर उभी होती. लढून मरणे हे शौर्य खरेच. पण हरल्यानंतर हाताखालच्या माणसांचे जीव वाचवण्यालाही छाती लागते, कारण त्याचा पोवाडा कोणी गात नाही. आणि जिंकल्यानंतर कोंडलेल्या शत्रूला वाट करून देण्यासाठी त्याहूनही मोठी छाती लागते.

घरात बसून पाहताना

चित्रपट लहान-थोरांनी एकत्र बसून पाहण्यासारखा आहे. अंगावर येणारे रक्ताचे देखावे फारसे नाहीत. सुरुवातीला तो जरा संथ वाटेल, पण पहाटेची लढाई सुरू झाली की कोणी उठणार नाही. इंग्रजी न कळणाऱ्यांना शेजारी बसून थोडे सांगत गेले तरी पुरते.

एक गोष्ट मात्र चित्रपट सांगत नाही. जहाज जळताना पाहणाऱ्या उदास कप्तानापाशी तो थांबतो. प्रत्यक्षात आपले खलाशी ब्वेनोस आयरिसला सुखरूप पोहोचल्यावर लांग्सडॉर्फने दोनच दिवसांनी स्वतःचा जीव घेतला. हजार घरांचे दिवे वाचवणाऱ्याला स्वतःच्या घराचा दिवा वाचवावासा वाटला नाही, ही त्या गोष्टीतली सर्वांत दुःखाची बाब. पराभवाची लाज माणसाला कुठवर नेते, ते यातून दिसते. मोठ्या मुलांना हेही सांगावे. आणि ज्याच्यामागे माणसे जगली त्याने लाजेने मरण्याचे काही कारण नव्हते, हेही त्यांना आवर्जून सांगावे. शेतीत असो की दर्यावर, एखादे वर्ष सगळे बुडते. बुडालेले पुन्हा उभे करता येते, पण त्यासाठी माणूस मागे राहावा लागतो.